वरण एका कडेला सरकलं

जिंतूरच्या स्टँडमागच्या अभ्यासिकेतला अझहर
भरतीचा फॉर्म घडी करून खिशात ठेवतो, विचारतो:
काका, विमानवाहू जहाजांचे दिवस भरले म्हणतात.
दीड-दोन हजार किलोमीटरवरून एक क्षेपणास्त्र सोडायचं,
खेळ खलास. खरं का?

त्या पोलादी गावात मी बावीस वर्षं काढली,
रडारच्या काचेपुढं, हिरवे ठिपके मोजत.
इथं समुद्र म्हणजे एका रात्रीची गाडी
आणि पहाटे ओठावर आलेलं खारं वारं, बास.

मी बशीत चहा ओततो.
हा समुद्र. हा साखरेचा दाणा, जहाज.
दाणा थांबत नसतो, लेका.
तिकडून सुटलेलं आभाळाच्याही वर जाऊन
खाली यायला बारा मिनिटं धर.
बारा मिनिटांत आम्ही साडेतीन कोस पुढं.
किंवा डावीकडं. किंवा आल्या वाटेनं माघारी.
आधी कुणाला तरी आम्ही दिसायला हवं,
मग दिसत राहायला हवं,
मग त्या पेटत्या टोकाला एवढ्या वेगात
शेवटच्या घटकेला मान वळवता यायला हवी.
एक कडी निसटली की पाण्यात खड्डा,
आणि पाण्यातला खड्डा बुजवायला माणूस लागत नाही.

आणि नाही निसटली तर?
मी बशीत पाहिलं.
दाणा विरघळला होता.

*

पौषात गयाआत्याच्या रानात राखणीला गेलो.
ज्वारी चिकात आलेली, वर भोरड्यांचा थवा,
ढग पिळून झटकावा तसा आकार बदलणारा.
आत्या मचाणावर उभी. डोक्यावरून दोन वेढे,
गोफणीचं एक टोक सुटलं,
आवाज बांधापर्यंत जाऊन परत आला.
खडा कुठं पडला, तिनं पाहिलंही नाही.

साठ वर्षांत किती मारल्यास?
एक. ती बी चुकून. लई वाईट वाटलं.
मग फेकतीस कावून?
लागावं म्हणून नाही रे फेकत.
बसू नये म्हणून फेकते.

मी खाली ढेकळावर बसून राहिलो.
म्हणजे जे जहाज खड्याच्या धाकानं
किनाऱ्यापासून दोन दिवस लांब तरंगतं,
ज्याच्या विमानांना तिथून परतीचं इंधन पुरत नाही,
त्याला खडा लागला, की नाही लागला?
अझहरला हे सांगावं म्हणून मनात जुळवत होतो,
तर दुपार कलेपर्यंत भोरड्या शिकल्या.
आवाज झाला की हातभर उठायच्या,
पुन्हा त्याच कणसांवर.
आत्यानं शिवी हासडली, मचाण सोडलं,
आणि गुपचूप दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली.
किती दिवस चालतं असं?
सुगी होईस्तोवर, ती म्हणाली.
मग पुढल्या साली.

*

एक गोष्ट मी अझहरला सांगितली नाही.
एका रात्री भोंगा झाला तेव्हा मी काचेपुढं नव्हतो.
खाली भोजनकक्षात होतो, ताट पुढ्यात.
सराव आहे की खरं, कुणी बोललं नाही.
जहाजाच्या पोटात दिशा नसते,
खिडकी नसते, चांदणी नसते.
फक्त ताटातलं वरण
हळूहळू एका कडेला सरकलं,
भाताला ओलांडून काठाशी येऊन थांबलं.
तेवढ्यावरून कळलं, आपण वळतोय.
समोरच्या पोरानं दोन्ही हातांनी ताट धरलं,
जणू तेवढं सांडलं नाही तर सगळे वाचतील.
मी मनात मिनिटं मोजत होतो.
नऊनंतर पुन्हा एकपासून सुरू केलं.

सराव होता.
वरण जागेवर आलं. गार झालेलं. आम्ही ते खाल्लं.

*

अझहर अजून उभाच आहे.
हो की नाही, एका शब्दात सांगा, काका.
परीक्षेत चार पर्याय असतात त्याच्या.
मी म्हणतो, चहा घे.
तो फॉर्म पुन्हा उलगडतो, एका रकान्यावर बोट ठेवतो,
आणि खालच्या आवाजात विचारतो,
पोहता यायलाच लागतं का?

रविवारी येलदरीला चल म्हटलं.
जुना टॉवेल आण.